गादी, बाक, खुर्ची : कोल्हापुरातील बैठ्या कामाचा इतिहास

कापूस भरून शिवलेली बैठक म्हणजे गादी, आणि छत्रपतींचा वारसा म्हणजेही गादी. बसण्याच्या वस्तूला आणि सत्तेला मराठीने एकच शब्द दिला, आणि तो कोल्हापुराइतका रोजच्या बोलण्यात दुसरीकडे क्वचितच राहिला असेल. साताऱ्याची गादी आणि करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी हा भेद 1731 च्या वारणेच्या तहाने पक्का झाला, आणि 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारातही गादीच्या मानाची भाषा या शहरात सर्रास ऐकू येत होती. मठाच्या वारशाला गादी म्हणतात, अडत्याच्या पेढीवरील बैठकीलाही गादीच म्हणतात. ‘खुर्ची’ हा शब्द मात्र अरबी ‘कुर्सी’पासून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि शाळेतले ‘बाक’ पोर्तुगीजांकडून आले, म्हणजे उंच आसनांची रोजच्या वापरातली नावे बहुतेक परकी आहेत. नावे कुठलीही असोत, या सर्व आसनांच्या इतिहासात एक गोष्ट सातत्याने दिसते, ती अशी की आसनाची उंची, मऊपणा आणि किंमत बसणाऱ्याच्या दर्जावरून ठरे, तो दिवसाकाठी किती तास त्यावर बसतो याच्याशी तिचा काही संबंध नसे. अलीकडे कार्यालयांत ‘अर्गोनॉमिक’ म्हणून जी खुर्ची विकत घेतली जाते, म्हणजे बसणाऱ्याच्या देहाच्या मापांना जुळवून घेता येणारी खुर्ची, तिचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

मराठेशाहीतील दफ्तर, म्हणजे राज्यकारभाराची कागदपत्रे लिहिण्याचे आणि जपण्याचे ठिकाण, हे पूर्णपणे जमिनीवरचे जग होते. पन्हाळ्यावर आणि पुढे कोल्हापुरात ज्या कारकुनांनी करवीर राज्याचा पत्रव्यवहार, हिशेब आणि सनदा लिहिल्या, ते जाजमावर किंवा सतरंजीवर बसून लिहीत. लिहिताना एक पाय मुडपलेला आणि दुसरा गुडघा उभा असे, कागद डाव्या हातात किंवा त्या उभ्या गुडघ्यावर टेकलेला असे, शेजारी दौत, बोरू आणि ओली शाई टिपून घेण्यासाठी बारीक वाळूची डबी असे. मोडी लिपी या बैठकीतच घडली. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवत जायची, ही रीत हातातल्या कागदावर वेगाने लिहिणाऱ्याच्या सोयीची होती. लिहून झालेले कागद रुमालात, म्हणजे चौकोनी कापडात, बांधून ठेवले जात, आणि आजही जुन्या दफ्तरांची मोजदाद रुमालांवरच होते. मुख्य अधिकाऱ्याच्या पाठीला लोड असे आणि बाजूला तक्के असत. साध्या कारकुनाच्या पाठीला बहुधा काहीच नसे. ज्याला सबंध दिवस वाकून लिहायचे त्याची पाठ उघडी, आणि ज्याने ऐकून हुकूम द्यायचा त्याच्या पाठीला लोड, ही वाटणी पुढे लाकडाच्या आणि लोखंडाच्या फर्निचरमध्येही जशीच्या तशी उतरली.

जमिनीवरच्या बैठकीला मागास समजण्याचे मात्र कारण नाही. मांडी घालून, एक गुडघा उभा करून किंवा उकिडवे बसणारा माणूस सतत आसन बदलत असतो, उठताबसताना त्याच्या कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे पूर्ण वाकतात, आणि हा व्यायाम त्याला न मागता मिळतो. (तालमींच्या या गावात ‘बैठक’ हा शब्द बसण्याला आणि पायांच्या व्यायामाला, दोहोंना वापरतात, हे या संदर्भात गमतीचे वाटते.) गुजरीतील सोनार, हुपरीचे चांदीकाम करणारे कारागीर आणि कोल्हापुरी चप्पल बनवणारे चर्मकार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरच बसून काम करत आले, कारण पायाच्या अंगठ्यापासून मांडीपर्यंत सगळे शरीर त्यांच्या हत्यारांपैकीच एक होते. त्रास होतो तो एकाच आसनात पुढे वाकून तासन्‌तास राहण्याचा, आणि तो जमिनीवर जसा होतो तसाच खुर्चीतही होतो.

खुर्ची दरबारात शिरली ती सोयीसाठी नाही, मानापमानाच्या वादातून. पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकिलांना जोडे बाहेर काढून बिछायतीवर बसावे लागे. चार्ल्स मॅलेट यांनी 1790 मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात तह केला त्या प्रसंगाचे टॉमस डॅनिएल यांनी 1805 मध्ये पुरे केलेले प्रसिद्ध चित्र आहे, त्यात तंग कपड्यांतले इंग्रज अधिकारी बिछायतीवर पाय दुमडून अवघडून बसलेले दिसतात. सत्तेचे पारडे फिरल्यावर चित्रही फिरले. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या दरबारांत खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या, आणि कोणाची खुर्ची उजवीकडे, कोणाची डावीकडे, कोणाची पहिल्या रांगेत आणि कोणाला उभेच राहायचे, यावर पत्रव्यवहार होऊ लागला. कोल्हापुरात 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी कारभारावर आपला पोलिटिकल सुपरिंटेंडेंट नेमला आणि कार्यालयीन कामाची इंग्रजी पद्धत इथे रुजू लागली. पुढे मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यांनुसार शहरात ज्या इमारती झाल्या, त्यांपैकी टाऊन हॉल 1876 मध्ये आणि नवा राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला. या इमारतींची उंच छते आणि मोठ्या खिडक्या जमिनीवर बसणाऱ्याच्या नजरेच्या हिशेबाने बांधलेल्या नाहीत. त्यांत मेज आणि खुर्ची गृहीतच धरलेली आहे.

कचेरीतली कारकुनी खुर्ची आणि दरबारी खुर्ची यांचा इतिहास मात्र वेगवेगळा आहे, आणि कोल्हापुरात कारकुनी खुर्चीचा इतिहास सामाजिक इतिहासाला येऊन मिळतो. राजर्षी शाहू महाराजांना 1894 मध्ये राज्याधिकार मिळाले तेव्हा संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनातील 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि कारकुनी जागांमध्ये तर हे प्रमाण त्याहून कितीतरी एकतर्फी होते. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, आणि 1912 पर्यंत 95 जागांपैकी ब्राह्मण अधिकारी 35 उरले होते. 1918 मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमण्यात आले, तेव्हा गावच्या चावडीत घोंगडीवर बसून चालणारा वंशपरंपरागत लेखनव्यवहार नोकरीतल्या माणसाच्या हातात आला. 1919 च्या हुकुमाने अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद होऊन त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत प्रवेश मिळाला. त्याच्या दीड-दोन दशके आधीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते, हे लक्षात घेतले की या हुकुमाचे वजन कळते. कोण कशावर बसतो यापेक्षा कोण कोणाशेजारी बसतो, हा प्रश्न त्या काळात मोठा होता आणि तो तसाच मोठा मानणे योग्यही होते. पाठीच्या कण्याचा विचार त्या यादीत फार खाली असणे स्वाभाविक होते. याच महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यावरून आल्यानंतर रोमच्या आखाड्याच्या धर्तीवर खासबाग मैदान उभारले, तेव्हा हजारो प्रेक्षकांना गोलाकार चढत्या उतारावर जमिनीवरच बसवले आणि तरीही प्रत्येकाला कुस्ती दिसेल अशी रचना केली. बसणाऱ्याच्या नजरेचा आणि अंगाचा इतका हिशेब त्या काळच्या कोणत्याही कचेरीत केलेला दिसत नाही.

ही कारकुनी खुर्ची सागवानी असे आणि सुतार ती ठरलेल्या मापाने करी. बैठक जमिनीपासून साधारण 18 इंच उंच आणि टेबल 30 इंच उंच, हे माप इंग्रजी फर्निचरमधून आले आणि सुतारांच्या दोरीत कायमचे बसले. ते ज्या उंचीच्या माणसासाठी ठरले त्याहून ठेंगणा माणूस या खुर्चीत बसला की त्याच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत आणि मांड्यांच्या खालच्या बाजूला बैठकीची कड रुतते. त्यावर दोन उपाय रूढ झाले : टेबलाखाली पाय ठेवायला आडवी लाकडी पट्टी बसवणे, आणि चपला काढून सरळ खुर्चीवरच मांडी घालणे. दुसरा उपाय कोल्हापूरच्या कचेऱ्यांत आणि बँकांत आजही पाहायला मिळतो. आजोबांच्या गादीवरचे आसन नातवाने 18 इंच वर नेले, इतकाच त्यात फरक. खुर्चीची बैठक आणि पाठ बहुधा वेताने विणलेली असे. वेताची विण हवा खेळती ठेवते, अंगाच्या भाराने थोडी खाली जाते आणि घाम धरत नाही, त्यामुळे उष्ण हवेत लाकडी फळीपेक्षा ती कितीतरी बरी. वर्षा-दोन वर्षांत ती मध्ये सैल पडून तुटू लागे, आणि पुन्हा विणण्याचे काम अनेक सरकारी कार्यालयांत अंध कारागिरांकडे असे, कारण विणीचा ताण हाताच्या स्पर्शावरच कळतो. या कामाची गुणवत्ता आजच्या जाळीदार पाठीच्या महागड्या खुर्च्या पाहताना आठवावी अशी आहे, कारण ती जाळी करते तेच वेत करत होता.

व्यापारी पेढीने मात्र खुर्चीला बराच काळ दाद दिली नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी ही बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराने कोल्हापूरचे नाव देशभर नेले. या पेढ्यांवर पांढऱ्या खोळीची गादी, भिंतीला लागून लोड आणि दिवाणजीपुढे उतरत्या झाकणाची बुटकी पेटी, अशी मांडणी असे. पेटीच्या वरच्या फळीवर रोजकीर्द उघडलेली, आत दौत, टाक आणि गल्ला. ही पेटी बारकाईने पाहण्यासारखी आहे : तिची फळी लिहिणाऱ्याकडे उतरती असल्याने वही डोळ्यांसमोर येते आणि मान फार खाली घालावी लागत नाही, तिची उंची मांडी घातलेल्या माणसाच्या कोपराशी जुळते, आणि तिच्या कडेवर मनगट विसावते. दफ्तरातला कारकून कागद गुडघ्यावर धरत होता, त्याच्या मानाने दिवाणजीची सोय पुष्कळच चांगली होती. अर्गोनॉमिक्स हा शब्द पेढीवर कोणाला ठाऊक नव्हता, पण लिहिणाऱ्याच्या मापाने केलेले कोल्हापुरातले पहिले कार्यालयीन सामान कोणते असे विचारले, तर या पेटीचेच नाव घ्यावे लागेल. अर्थात दिवाणजीची पाठ इथेही उघडीच होती, लोड शेठजींचा.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानी कचेऱ्यांची जागा जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयांनी घेतली. त्यांच्याबरोबर जडसंग्रह नोंदवही आली, म्हणजे कार्यालयातील टिकाऊ वस्तूंची यादी, जिच्यातला क्रमांक प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे पांढऱ्या रंगाने लिहिलेला असतो. राज्यातील सरकारी कार्यालयांना येरवड्यासारख्या कारागृहांच्या सुतारकाम विभागांतून टेबल-खुर्च्या पुरवल्या जात. मोडलेली खुर्ची फेकून देता येत नाही. तिचे निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे ती निकामी झाल्याचा अधिकृत निर्णय होऊन तिचे नाव नोंदवहीतून कमी व्हावे लागते, आणि तोवर तीन पायांची खुर्ची चौथ्या पायाच्या जागी विटा घेऊन सेवेत राहते. याच काळात लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या आल्या, आणि अधिकाऱ्यांसाठी फिरती खुर्ची आली. दर्जाची भाषा पुन्हा स्पष्ट झाली : शिपायाला स्टूल, कारकुनाला हात नसलेली खुर्ची, वरच्या कारकुनाला हातांची, आणि साहेबांना उंच पाठीची, फिरती, वर टर्किश टॉवेल टाकलेली. हा टॉवेल घाम टिपण्यासाठी आला असला तरी तो लवकरच पदाचे चिन्ह बनला, आणि साहेबांची बदली झाली की टॉवेल बदलतो, खुर्ची राहते. या वाटणीतला विरोधाभास कोणी फारसा बोलून दाखवत नाही. साहेब बैठका, दौरे आणि पाहणी यांत दिवसाचा मोठा भाग खुर्चीबाहेर असतात, आणि सगळ्यात आधाराची खुर्ची तेवढा वेळ रिकामी राहते. टपाल आणि संगणकावरची नोंद पाहणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचा हलत नाही, आणि त्याची खुर्ची सगळ्यात साधी असते.

बसणाऱ्याच्या देहाकडे पाहण्याची दृष्टी जगातही उशिराच आली. अमेरिकेत टॉमस वॉरेन यांनी 1849 मध्ये स्प्रिंगवर झुकणारी आणि फिरणारी खुर्ची केली, ती 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. पोलंडचे शास्त्रज्ञ वोयचेख यास्त्शेम्बोव्स्की यांनी 1857 मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘अर्गोनॉमिक्स’ ही संज्ञा घडवली; ‘अर्गोन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. ती जवळपास विस्मृतीत गेली, आणि ब्रिटनमध्ये 1949 मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या विलीनीकरणाच्याच वर्षी, दुसऱ्या महायुद्धातील अनुभवातून या नावाची संस्था निघाल्यावर ती पुन्हा रूढ झाली. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकापासून जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला आणि असे दाखवले की आधाराशिवाय बसताना कमरेतील चकत्यांवर उभे राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, आणि पाठ थोडी मागे रेलून कमरेला आधार मिळाला की तो कमी होतो. पुढील काळातल्या मोजणीत बसण्या-उभे राहण्यातला फरक तितका मोठा निघाला नाही, तरी टेकून बसण्याचा फायदा कायम राहिला. कारण साधे आहे : कमरेचे पाच मणके उभे असताना पुढच्या बाजूला किंचित कमानदार असतात, बसल्यावर माकडहाडाकडचा भाग मागे वळतो आणि ती कमान सपाट होते. खुर्चीच्या पाठीला कमरेपाशी जो फुगवटा असतो, ज्याला दुकानदार ‘लंबर सपोर्ट’ म्हणतात, तो ही कमान राखण्यासाठी असतो. दफ्तरातल्या लोडाचे काम तोच फुगवटा करतो, फक्त तो आता कारकुनाच्या वाट्यालाही येऊ शकतो.

परदेशी मापांचा प्रश्न मात्र उरतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय देहमापांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात देशभरच्या स्त्री-पुरुषांच्या बसलेल्या आणि उभ्या मापांच्या नोंदी आहेत. अशा मापांचा उपयोग सरळ आहे. गुडघ्यामागच्या खळगीपासून तळव्यापर्यंतची उंची हीच बैठकीची योग्य उंची असते, आणि ती स्त्रियांमध्ये सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असते. ज्या कार्यालयात निम्म्या जागांवर स्त्रिया बसतात तिथे 18 इंचांचे एकच माप लावणे म्हणजे निम्म्या कर्मचाऱ्यांचे पाय लोंबकळत ठेवणे होय.

संगणक आल्यावर हा प्रश्न टाळण्याजोगा राहिला नाही. खातेवही उलटताना, शिक्का मारताना, कपाटातून फाईल काढताना जो काही हलण्याचा अवसर मिळे, तो पडदा आणि कळफलक यांनी काढून घेतला. पण सहकारी बँका, पतसंस्था आणि साखर कारखान्यांच्या कार्यालयांत संगणक आला तेव्हा टेबल 30 इंचांचेच राहिले आणि कळफलक त्यावरच ठेवला गेला, त्यामुळे खांदे उचलून काम करणे हे अनेकांचे नित्याचे आसन झाले. त्याच सुमारास एकसंध प्लास्टिकच्या खुर्च्या लग्नाच्या मांडवांतून कार्यालयांतही शिरल्या. त्या स्वस्त, हलक्या आणि एकावर एक रचता येणाऱ्या असल्या, तरी तासाभराच्या जेवणासाठी घडवलेली वस्तू आठ तासांच्या कामाला लावणे ही काटकसर म्हणता येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून घरी परतलेल्या तरुणांनी कोल्हापुरातल्या घरांत हेच नव्याने अनुभवले, कारण घरातली उंच पाठीची एकुलती खुर्ची जेवणाच्या टेबलाची होती.

या संदर्भात खर्चाचा हिशेब करून पाहावा. वीस हजार रुपयांची खुर्ची दहा वर्षे, वर्षाला 280 दिवस वापरली, तर दिवसाला सात रुपयांच्या आसपास खर्च येतो, जो एका कप चहाहून कमी आहे. पैसे मात्र जाहिरातीतल्या शब्दांवर जाऊ नयेत. बैठकीची उंची कमीजास्त होते की नाही, पाठीचा फुगवटा वर-खाली सरकतो की नाही, बैठकीची खोली इतकी आहे की पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे तीन-चार बोटांची जागा उरते, हात टेबलाच्या पातळीला येतात की नाही आणि पाठ रेलताना खुर्ची अंगाबरोबर झुकते की नाही, एवढे तपासायला दुकानात पंधरा मिनिटे बसावे लागते. बाजारात ज्याला सर्रास ‘हायड्रॉलिक’ म्हणतात तो उंची बदलणारा दांडा प्रत्यक्षात दाबलेल्या वायूवर चालतो आणि खुर्चीत आधी तोच निकामी होतो, म्हणून तो स्वतंत्रपणे बदलून मिळतो का हे विचारणे अधिक उपयोगाचे.

शेवटी महाद्वार रोडवरच्या कापड दुकानांचा उल्लेख केला पाहिजे, कारण आसनाचा इतिहास तिथे उलट दिशेने गेला. गादीच्या दुकानात गिऱ्हाईकही बसे आणि विक्रेताही बसे, आणि साडी दोघांच्या मध्ये पसरली जाई. गादी जाऊन काचेचे काउंटर आले तेव्हा गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली आणि विक्रेता उभा राहिला, तो रात्री दुकान बंद होईपर्यंत. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देण्याची तरतूद कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्याच्या 44 व्या कलमाने केली. दुकानांसाठी ती केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्याने केली. काउंटरमागे एक स्टूल ठेवण्यासाठी कोल्हापूरच्या दुकानदारांनी मात्र कायद्याची वाट पाहू नये.